गाडी तापायच्या आत

आमच्या गाडीला गिअरच नाहीत, हे वर्गात कुणाला खरं वाटायचं नाही. पुनम तर म्हणाली, "मग काय बैलं जुंपता व्हय गं, मंजू?" सगळा वर्ग हसला. आधीची मंजुश्री असती तर मान खाली घालून बसली असती. पण मी चार प्लास्टिकची नरसाळी, दोन सळया आणि सायकलच्या ट्यूबची एक पट्टी घेऊनच शाळेत गेले. दोन नरसाळ्यांची निमुळती टोकं एकमेकांकडं करून सळईत ओवली की मधे खाच तयार होते. अशा दोन जोड्या, आणि दोन्ही खाचांवरून फिरणारा एक पट्टा. एक जोडी जवळ सरकवली की पट्टा तिथं वर चढतो, दुसरी लांब केली की तिथं खाली उतरतो. झालं! पहिला नाही, दुसरा नाही, मधे झटका नाही, नुसती वाढत जाणारी चाल. ह्यालाच सीव्हीटी म्हणतात. खऱ्या गाडीत नरसाळ्यांच्या जागी लोखंडी पुली असतात आणि पट्टा पोलादी असतो, एवढाच फरक.

तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनात माझा दुसरा नंबर आला. परीक्षकांनी विचारलं, "ह्यात दोष काय?" मी माइकशिवाय सगळ्या हॉलला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "सर, पुलीनं पट्टा घट्ट धरला पाहिजे. तेल जळालं, पुली ओरखडली, की पट्टा निसटतो. मग इंजिन नुसतं ओरडतं आणि गाडी हलत नाही!"

टाळ्या पडल्या. तेव्हापासून मी कुठंच गप्प बसत नाही. अव्वा, माझी आई, म्हणते, एवढं बोलणं बरं न्हाई पोरीच्या जातीला. मी म्हणते, दहा वर्षांचं साठलेलं हाय, थोडं निघू दे.

गाडी आमच्याकडं हौसेनं आलेली नव्हती. माझे आप्पा, मृत्युंजय, लातुरातल्या एका मालकाचा टेम्पो चालवायचे. ब्रेक ढिला झालाय हे त्यांनी सांगितलं होतं. मालकालाही ते ठाऊक होतं, पण तो म्हणाला, "एवढी खेप मारून ये, मग बघू." त्या खेपेत आप्पांचा डावा पाय गुडघ्याखाली गेला. त्यानंतर कितीतरी दिवस आप्पा भिंतीकडं तोंड करून पडलेले असायचे. अव्वा ताट ठेवायची, अव्वाच ताट उचलायची. नकली पाय बसवला, त्यावर ते चालायलाही लागले, पण नकली पायाला क्लच कळत नाही. तो किती दाबला, किती सोडला, काही समजत नाही. आणि आप्पांना चालायचं नव्हतं, चालवायचं होतं.

मग कुणीतरी सांगितलं की क्लच नसलेली गाडी मिळते. अव्वाच्या पाटल्या गेल्या आणि दारात जुनी पांढरी ऑटोमॅटिक आली. लायसन्सवर तशी नोंद करून घेतली. पहिल्या दिवशी आप्पा एकटेच गंजगोलाईला चक्कर मारून आले, आणि घरात पाऊल टाकताच म्हणाले, "भाकरी वाढ." अव्वा चुलीकडं तोंड करून किती वेळ भाकऱ्याच थापत बसली होती, ते मी बघितलंय.

पुढं त्यांना औषधांच्या एका होलसेल दुकानाचं काम मिळालं. लातुराहून निघायचं, नांदेड रोडला अहमदपूर, लोहा करत मेडिकलांना खोकी पोचवायची आणि परत. आप्पा शिट्टी वाजवत घरी यायचे. एकच गोष्ट त्यांना खुपायची. आयुष्यभर त्यांनी प्रत्येक गाडीचं तेल काडी काढून बघितलेलं, बोटावर घेऊन वास घेतलेला. ह्या गाडीच्या गिअरबॉक्सला ती काडीच नव्हती. गॅरेजवाल्याला विचारलं तर तो म्हणाला, "ह्याचं तेल बघायचं नसतंय काका, लाइफटाइम असतंय."

"कुणाच्या लाइफचं?" आप्पा म्हणाले. त्यावर गॅरेजवाला हसला आणि दुसऱ्या गाडीखाली शिरला. आधीच्या मालकानं ते तेल कधी बदललं होतं का, हे कुणालाच माहीत नव्हतं.

मग येळवस आली.

मार्गशीर्षातल्या त्या अमावस्येला आमच्याकडं माणूस घरी थांबत नाही. सगळं लातूर रानात जातं. ज्यांना स्वतःचं रान नाही ते दुसऱ्याच्या रानात जातात, आणि वाटेवरच्या परक्या माणसालासुद्धा हाताला धरून जेवायला बसवतात. ज्वारीच्या पेंढ्यांची कोप उभी करायची, आत पूजा मांडायची, आंबील, भज्जी, उंडे, आणि पोट फुटेपर्यंत आग्रह. आमचं रान निलंग्याच्या अलीकडं आहे. ते दोडप्पा बघतात. दोडप्पा म्हणजे आप्पांचे थोरले भाऊ, सिद्धलिंग.

आदल्या वर्षी आप्पांना सडकेपासून कोपीपर्यंत खुर्चीत बसवून उचलून नेलं होतं. नांगरलेल्या ढेकळात नकली पाय टिकत नाही. दोडप्पा पुढं, त्यांचा सालगडी मागं, आणि शेजारच्या रानातल्या बाया हसून म्हणाल्या, "अगं बया, नवरदेव आला की!" त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं. पण आप्पा त्या दिवशी नुसती आंबील प्यायले होते.

म्हणून ह्या वर्षी त्यांनी आधीच सांगून ठेवलं होतं, "मी माझ्या गाडीनं कोपीपर्यंत येणार."

"ये की," दोडप्पा म्हणाले, "वाट कोरडीठाक हाय."

वाट कोरडी होती, ती आदल्या दिवसापर्यंत. रात्रीची लाईट आली म्हणून दोडप्पांनी हरभऱ्याला पाणी सोडलं, पाट फुटला, आणि पाणी वाटेवर आलं. वरून खपली धरली होती, काही कळत नव्हतं. खाली काळी माती लोण्यासारखी झाली होती. कोप अगदी समोर दिसत होती तिथं पुढची चाकं खाली बसली.

"रेस कर, मृत्युंजय! मागं घे! आता पुढं! मार रेस!" दोडप्पा ओरडत होते. आप्पा एकदा पुढचा टाकायचे, एकदा मागचा. चाकं जागच्या जागी गरगरा फिरत होती. मागून आम्ही सगळे ढकलत होतो, मी तर कानापर्यंत चिखलानं माखले होते आणि हसत होते. मग जळका वास आला. आप्पांनी हात वर केला. "बास. काहीतरी जळायलंय."

टो-गाडीवाल्याला फोन लावला. तो म्हणाला, "काका, आज येळवस. मी बी रानातच हाव. या जेवायला." त्यानं आग्रह मनापासूनच केला होता, त्यामुळं रागावताही येईना. शेवटी आप्पांचं ताट गाडीतच नेलं. स्टेअरिंगवर ताट टेकवून त्यांनी भज्जी खाल्ली. कोप दहा पावलांवर होती.

दुपार कलल्यावर दोडप्पांनी ट्रॅक्टर आणला. दोर बांधला, गाडी न्यूट्रलला टाकली आणि चिखलातून उपसली. इंजिन चालू होईना, म्हणून तशीच, चारही चाकांवर, ट्रॅक्टरमागं लातूरपर्यंत ओढत आणली. आमच्याकडं सगळं असंच आणतात. बंद पडलेली जीप, मोटार, थ्रेशर, सगळं ट्रॅक्टरमागंच येतं. त्यात कुणाला काही वावगं वाटलं नाही. डॅशबोर्डातली पुस्तिका मी नंतर वाचली. त्यात जाड अक्षरात लिहिलं होतं की पुढची चाकं जमिनीला टेकवून गाडी ओढू नये. इंजिन बंद असलं की तेलाचा पंप बंद असतो, चाकं मात्र आतली पुली आणि पट्टा कोरडाच फिरवत राहतात.

गाडी दुरुस्त झाली. म्हणजे चालू झाली. पण तिच्या पोटातून आता बारीक शिट्टीसारखा आवाज यायचा. आप्पांची शिट्टी बंद झाली.

"आवाज यायलाय ना, आप्पा?" मी विचारलं.

"सायलेन्सर असंल."

"सायलेन्सर मागं असतो. हा पुढून यायलाय."

"लई शहाणी झालीस," आप्पा म्हणाले, आणि खिडकीची काच वर केली.

महिन्याभरात गाडी लोह्याजवळ थांबली. थंड झाली, परत चालली. मग अहमदपूरला थांबली. शेवटी आप्पांनी ती केरबा मिस्त्रीकडं नेली. केरबानं तेल काढलं. काळं, जळक्या खोबऱ्याच्या वासाचं, आणि त्यात चकचकीत चुरा. आप्पांनी बोटावर घेतलं, अंगठ्यानं चोळलं.

"पुली गेली, पट्टा गेला," केरबा म्हणाला. "अख्खा गिअरबॉक्स बदलायचा म्हणलं तर एवढ्यात दुसरी गाडी येती, काका."

होलसेलवाल्याचा फोन रोज यायचा. महिनाअखेरपर्यंत वाट बघतो, नाहीतर दुसरा माणूस धरतो, असं तो सांगून मोकळा झाला होता. नांदेडला एका डीलरकडं हिच्याहून जुनी, पण चांगली ऑटोमॅटिक होती. तिच्यासाठी ही विकली जायला पाहिजे होती, आणि ही चालती म्हणूनच विकली जाणार होती. दोडप्पांनी केरबाला बाजूला घेतलं. मी तिथंच मडगार्डला टेकून उभी होते. दहावीतल्या पोरीला काय कळतंय, म्हणून ते माझ्यासमोरच बोलले.

"नवं तेल घालतो, त्यात एक दाट औषध सोडतो," केरबा म्हणाला. "आवाज दबतो. पण गाडी तापायच्या आत दाखवा. सकाळच्या गारठ्यात, थोडी फिरवा, सपाट रस्त्यावर. गरम झाली की पट्टा सुटतोय."

"रिंग रोडपर्यंत?"

"तेवढं बास झालं."

घरी येताना आप्पा म्हणाले, "दादा, हे..."

"तुला परत भिंतीकडं तोंड करून पडायचंय का?" दोडप्पा म्हणाले. "घेणारा बागायतदार हाय, केळीवाला. त्याला काय होतंय? करून घेईल दुरुस्त." मग त्यांचा आवाज खाली आला. "पाणी मी सोडलं होतं, मृत्युंजय. मला झोप न्हाई लागत."

आप्पांचं ते 'हे' तिथंच राहिलं. मीही गप्प बसले. म्हणजे तोंडानं. मनात मी अख्ख्या हॉलला ऐकू जाईल एवढं ओरडत होते.

केळीवाल्यांचं नाव शेषेराव, अर्धापूरचे. आदल्या दिवशीच येऊन लातुरात पाहुण्यांकडं मुक्कामाला थांबले होते. सकाळी दारात आले, तेव्हा तोंडातून वाफ निघत होती. बागायतदार म्हणून मी मिशीवाला, अंगठ्यावाला माणूस डोळ्यांपुढं आणला होता. हे बारीकसे, मफलर गुंडाळलेले. आणि त्यांच्यामागं, एका पायाला लोखंडी पट्ट्यांचा आधार बांधलेली, खट् खट् करत येणारी एक हसरी बाई.

"ही माझी पोरगी, सुकन्या," शेषेराव म्हणाले. "भोकरच्या पुढं शाळेवर हाय. गाडी हिलाच पाहिजे."

मी दोडप्पांकडं बघितलं. दोडप्पा तुळशीकडं बघत होते.

सुकन्याताईंनी आप्पांचा पाय बघितला, मग स्वतःचा, आणि हसल्या. "काका, आपलं जमलं. दोघांचाही डावाच!"

आप्पांना हसू आलं नाही. "लहानपणापासून?" त्यांनी विचारलं.

"हो, पोलिओ. ऑटोमॅटिक चालवायला नांदेडला शिकले, मैत्रिणीच्या गाडीवर. लायसन्स पण काढलं. पण स्वतःची नाही. अजून बाबाच मोटारसायकलवर सोडतात, ऊन असो, पाऊस असो. पोरं काय म्हणतात माहितीये? बाईंना बालवाडीसारखं बाबा सोडायला येतात."

"पडली होती मागच्या पावसाळ्यात," शेषेराव म्हणाले. "माझंच चुकलं, गाडी घसरली. तवापासून मीच म्हणून राहिलो, घेऊन टाकू. मी काय जन्माला पुरतो का तिला?"

"शरणार्थी, शरणार्थी, बसा की, चहा तर घ्या," अव्वा आतून येऊन हात जोडत म्हणाली.

"आल्यावर घेतील!" दोडप्पा घाईनं म्हणाले. "आधी गाडी बघून घ्या, म्हणजे निवांत बसता येईल. चला, चला."

सुकन्याताई चालवायला बसल्या, शेजारी आप्पा. मागं शेषेराव, दोडप्पा, आणि दोघांच्या मधे मी. मला नेणार नव्हते, पण सुकन्याताईच म्हणाल्या, "ये गं, तुझी पण गाडी आहे ना?"

गाडी अशी चालली, अशी चालली, की माझा मलाच संशय आला. आवाज नाही, थरथर नाही. नव्या तेलात पट्टा शहाण्या पोरासारखा फिरत होता. सुकन्याताईंनी काच खाली केली. गार वारा आत आला, त्यांची ओढणी उडायला लागली.

"बाबा, बघा! बघा ना! मी चालवतेय!"

"बघून राहिलो, माय, बघून राहिलो. तू पुढं बघ."

शेषेराव रडत होते. मफलरनं डोळे पुसत होते, आणि ते मला दिसू नये म्हणून खिडकीकडं वळले होते.

रिंग रोडवरचा गरुड चौक आला. दोडप्पा म्हणाले, "हां, बास. वळवा आता. चहा थंड व्हायलाय."

सुकन्याताईंनी गाडी थांबवून इंडिकेटर दिला. मी तोंड उघडलं. सांगणारच होते, सगळं, पहिल्यापासून. तेवढ्यात दोडप्पांचा हात माझ्या मनगटावर आला. त्यांनी ते जोरात धरलं नव्हतं. नुसता ठेवला होता हात. आरशात आप्पांचा चेहरा दिसत होता. मला एकदम भिंत दिसली, आमच्या घरातली, आप्पांच्या डोक्याच्या तेलाचा डाग पडलेली. आणि माझ्या तोंडातून भलतंच बाहेर पडलं.

"ताई, गावात काय कळतंय? पुढं घ्या ना. मोकळा रस्ता हाय."

"कशाला, कशाला?" दोडप्पा म्हणाले. "वळवा."

सुकन्याताईंनी आप्पांकडं बघितलं. "काका, घेऊ पुढं?"

आप्पा आरशात माझ्याकडं बघत होते. इतका वेळ कुणी माझ्याकडं कधी बघितलं नव्हतं, परीक्षकांनीसुद्धा नाही. त्यांना कळलं होतं. मला काय म्हणायचंय, आणि पुढं काय होणार, हे दोन्ही त्यांना कळलं होतं.

"घ्या," आप्पा म्हणाले. "रोज भोकरच्या पुढं जायचंय तुम्हाला. इथल्या इथं फिरवून काय कळणार?"

"मृत्युंजय!"

"जाऊ द्या, दादा."

नांदेड रोड सकाळी मोकळा असतो. ऊन वर आलं. दोन्ही बाजूला तुरीच्या काढणीची गडबड होती. सुकन्याताई शाळेतल्या गोष्टी सांगत होत्या, शेषेराव केळीच्या घडाला थंडीनं काय होतं ते सांगत होते, आणि मी नुसती ऐकत होते. बोलण्याकडं माझं लक्ष नव्हतं, मी पोटातला आवाज शोधत होते. आधी नव्हता. मग होता. बारीक, डासासारखा. आप्पांनी मान किंचित कलती केली. त्यांनाही आला होता.

आष्टामोडच्या अलीकडं एक चढ लागला. सुकन्याताईंनी रेस दाबली. इंजिन ओरडलं आणि गाडीचा वेग कमी झाला.

"हे काय?" त्यांनी आणखी दाबली. इंजिन आणखी ओरडलं. गाडी खालून हादरायला लागली, दाराच्या काचा खडखडल्या. डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागला. जळकं खोबरं. मागून एक ट्रक हॉर्न देत येत होता, एकसारखा, हात न उचलता.

"काका! काका, हलत नाही ही!"

"ताई," आप्पा म्हणाले. असा आवाज मी त्यांचा टेम्पोच्या दिवसांनंतर ऐकला नव्हता. शांत, अगदी शेजारी बसून भाकरी मोडताना बोलावं तसा. "घाबरू नका. पाय रेसवरनं काढा. ब्रेकला हात... पाय नको अजून. डावा इंडिकेटर. द्या. आता स्टेअरिंग डावीकडं, हळूच. हाव, असंच. गाडीला अजून गती हाय, ती आपल्याला कडेला नेती. न्या. आता ब्रेक. आता न्यूट्रलला टाका."

गाडी मुरमाच्या कडेवर चढली. ट्रक इतका जवळून गेला की आरसा त्याच्या वाऱ्यानं हलला. मग सगळं गप्प झालं. नुसतं इंजिनखालून टिक टिक ऐकू येत होतं.

शेषेरावांनी दार उघडलं, पोरीकडंचं दार उघडलं, तिला दंडाला धरून बाहेर घेतलं. आधाराच्या पट्ट्या खडखडत होत्या.

"पहिल्यांदाच झालं हो हे," दोडप्पा म्हणाले. "आजवर कधी... देवाशप्पथ..."

"न्हाई," आप्पा म्हणाले. ते गाडीतून उतरले नव्हते. दार उघडून, पाय बाहेर सोडून बसले होते. "पहिल्यांदा न्हाई. येळवसेपासून हाय. गिअरबॉक्स संपलेला हाय. आम्हाला माहीत होतं."

शेषेरावांनी मफलर सोडला. मला वाटलं, मारतात आता. आप्पांनाही तसंच वाटलं असावं. त्यांनी तोंड वर करून ठेवलं होतं.

"माझ्या लेकराचा जीव घेऊन राहिले होते तुम्ही," शेषेराव म्हणाले. "पाय नसलेल्या लेकराचा. तुम्हाला सोताला पाय न्हाई अन्..."

"माहीत होतं, तर किल्ली का दिली?" सुकन्याताईंनी विचारलं. मग ताई माझ्याकडं वळल्या. "आणि तू? तू तर म्हणालीस, पुढं घ्या."

"म्हणून तर म्हणाले, ताई!" माझा आवाज फाटला. "तापल्यावर कळतं. तुम्हाला कळावं म्हणून..."

"मागं ट्रक होता."

"मला..."

"तोंड आहे ना तुला? गाडी चौकात थांबली होती तेव्हा सांगायचं होतंस."

त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. वर्गातल्या एखाद्या पोरीला चुकलेलं गणित दाखवावं तसं त्यांनी ते सांगितलं. नांदेडकडं जाणारी एक जीप थांबली. शेषेरावांनी पोरीला उचलून आत बसवलं. जीप गेली. ताईंनी मागं वळून बघितलं नाही.

आप्पांचा फोन वाजला. होलसेलवाला. आप्पा म्हणाले, "हाव साहेब. ... न्हाई, न्हाई जमायचं आता. धरा दुसरा माणूस." आणि फोन खिशात ठेवला.

दोडप्पांनी आपल्या ओळखीतल्या एका ट्रॅक्टरवाल्याला बोलावलं. त्यानं दोर काढला.

"असं न्यायचं न्हाई!" मी पुढं झाले. "पुढची चाकं उचलून न्यायची असतात. आत पट्टा कोरडा फिरतो, मी वाचलंय, जाड अक्षरात लिहिलंय त्यात..."

"मंजू," आप्पा म्हणाले. "आता आत काय उरलंय, जे जपायचं?"

दोर बांधला. ओढलेल्या गाडीतही स्टेअरिंगला माणूस लागतो. दोडप्पा बसायला गेले.

"सरका, दादा," आप्पा म्हणाले.

दोडप्पा सरकले. ट्रॅक्टरवर जाऊन, आमच्याकडं पाठ करून बसले. मी आप्पांच्या शेजारी बसले. इंजिन बंद असलं की स्टेअरिंग दगडासारखं जड होतं. आप्पा ते दोन्ही हातांनी, खांद्यातून वळवत होते. दोर सैल पडू नये म्हणून उतारावर हलकाच ब्रेक धरत होते. मागून येणाऱ्याला हात बाहेर काढून वाट देत होते. गरुड चौकात त्यांनी इंडिकेटर दिला. पुढं ट्रॅक्टर वळणारच होता, तरी दिला.

मी खाली बघितलं.

आप्पांचा उजवा पाय रेसवर होता. इंजिन बंद, दोर ताणलेला, आणि रस्त्याला थोडा चढ आला की आप्पा हळूच तो दाबत होते.